जुळलेल्या गुणांचा हिशेब

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे कपाटातल्या पत्रिका बाहेर निघतात. मुलाची आणि मुलीची पत्रिका शेजारीशेजारी ठेवली जाते, गुरुजी पंचांगातलं कोष्टक उघडतात आणि आकडा सांगतात : छत्तीसपैकी साडेचोवीस. अठराच्या वर आहे, स्थळ पुढे न्यायला हरकत नाही. या आकड्यावरून घरात चर्चा होते, रुसवेफुगवे होतात. एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. रस्त्याने जाणाऱ्या कोणत्याही दोन माणसांच्या पत्रिका उचलल्या, तर त्यांचे किती गुण जुळतील?

हिशेब फार अवघड नाही. ३६पैकी ८ गुण एकट्या नाडीचे. नक्षत्रं २७, नाड्या ३, प्रत्येक नाडीच्या वाट्याला ९ नक्षत्रं. दोघांच्या नाड्या वेगळ्या निघाल्या की आठच्या आठ गुण, एकच निघाली की शून्य. म्हणजे कोणतीही दोन माणसं घ्या, साधारण तीनपैकी दोन वेळा हे आठ गुण फुकटात पदरात पडणार. उरलेल्या सात कूटांचाही, म्हणजे कसोट्यांचाही, असा हिशेब मांडता येईल. तो मांडेपर्यंत साडेचोवीसला काही वजन आहे की नाही, हे सांगता येत नाही.

गेली साठ वर्षं जीवशास्त्रज्ञ असंच गुणमेलन करत आले आहेत. पत्रिकांच्या जागी डीएनएच्या आणि प्रथिनांच्या अक्षरमाळा असतात, आणि प्रश्न लग्नाचा नसून रक्ताच्या नात्याचा असतो : या दोन माळांचा पूर्वज एक आहे का? गुरुजींना टाळता आलेला प्रश्न त्यांना टाळता येत नाही. जिथे टाळला गेला तिथे फजिती झाली. त्यातली एक गाजलेली फजिती आपल्याच देशातली.

*

३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये भारतातला पहिला करोना रुग्ण सापडला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दिल्लीतल्या काही संशोधकांचा एक निबंध बायोआर्काइव्ह या संग्रहावर झळकला. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच निबंध सर्वांसमोर ठेवण्याची सोय तिथे असते. नव्या विषाणूच्या काटेरी प्रथिनात चार छोटे तुकडे जास्तीचे आहेत आणि ते चारही एचआयव्हीच्या प्रथिनांशी जुळतात, असं निबंधाचं म्हणणं होतं. हे साम्य योगायोगाचं असण्याची शक्यता कमी, असा अभिप्रायही त्यात होता. पुढचा अर्थ लोकांनी आपापला काढला : हा विषाणू कोणीतरी प्रयोगशाळेत शिवून तयार केला आहे. जगभरच्या जाणकारांनी लगेच आक्षेप घेतले आणि रविवारी, २ फेब्रुवारीला, लेखकांनी निबंध मागे घेतला.

चूक अक्षरं वाचण्यात नव्हती. तुकडे होते, ते जुळतही होते. चूक गुणांच्या वजनात होती.

प्रथिनांची वर्णमाला २० अक्षरांची. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल. सहा अक्षरांचे वेगवेगळे शब्द किती होतील? वीसचा सहावा घात, म्हणजे ६ कोटी ४० लाख. आकडा मोठा वाटतो. पण जगातल्या प्रथिनांच्या संग्रहांत कित्येक हजार कोटी अक्षरं साठलेली आहेत. सहा अक्षरांचा कोणताही शब्द घेऊन तिथे शोधायला बसलात, तर नशिबाच्या भरवशावरच तो शेकडो ठिकाणी सापडायला हवा. त्यात एचआयव्हीचं बाहेरचं प्रथिन फार बदलणारं, आणि त्याची असंख्य रूपं संग्रहांत नोंदलेली. इतक्या लोकांत आपल्या नावाचा कोणीतरी भेटणारच. वटवाघळातल्या एका जवळच्या विषाणूत चारपैकी तीन तुकडे बहुतांशी तसेच आहेत, हेही पुढे आलं. म्हणजे ते घरचेच निघाले.

डीएनएची वर्णमाला तर चारच अक्षरांची. तिथे आठ अक्षरी शब्द ६५,५३६ होतात. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरं आहेत. त्यांची नुसती पत्त्यांसारखी पिसणी केली, तरी कोणताही आठ अक्षरी शब्द त्यात सुमारे ४७ हजार वेळा दिसेल. सोळा अक्षरी शब्द घेतला तर मात्र एकदा दिसण्याचीही खात्री नाही. किती जुळलं याला किती ठिकाणी शोधलं या आकड्यावाचून अर्थ येत नाही, तो असा.

*

या हिशेबाची सुरुवात संगणकाच्या खूप आधीची नाही, पण संगणक खोलीएवढे होते तेव्हाची आहे. १९५५ साली केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची ५१ अक्षरं वाचून पूर्ण केली. त्या एका शब्दाला सुमारे दहा वर्षं लागली होती. मग इतर प्रथिनं वाचली जाऊ लागली आणि अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी ती गोळा करायला घेतली. त्या मूळच्या रसायनशास्त्रज्ञ. डॉक्टरेटसाठीची गणितं त्यांनी भोकं पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांवर केली होती. १९६५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांचा पहिला ‘अ‍ॅटलस’ छापला. त्यात ६५ प्रथिनं होती. जगाची प्रथिनसंपत्ती एका पुस्तकात मावत होती.

कार्डांवरची जागा वाचावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला एकच अक्षर द्यायची पद्धत त्यांनी रुजवली. सगळ्यांच्या वाट्याला नावाचं पहिलं अक्षर येणं शक्य नव्हतं. ट्रिप्टोफॅनला ‘डब्ल्यू’ मिळालं. हे आम्ल अंगाने सगळ्यांत मोठं, दोन कड्यांचं. अक्षरही तसंच रुंद, दोनदा वळलेलं.

डेहॉफ यांचं मोठं काम १९७८ सालचं. दोन माळा शेजारी ठेवल्या की काही अक्षरं जुळतात, काही जुळत नाहीत. पण न जुळणं सगळं सारखं नसतं. ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन आलं तर प्रथिनाचं फारसं बिघडत नाही, दोघं चुलतभाऊ. ग्लायसिनच्या जागी ट्रिप्टोफॅन आलं तर चिमुकल्या कोनाड्यात कपाट कोंबल्यासारखं होतं. मग कोणत्या अदलाबदलीला किती गुण द्यायचे? डेहॉफ यांनी मत दिलं नाही, मोजलं. जवळच्या नात्यातल्या प्रथिनांचे ७१ गट घेतले आणि त्यांत उत्क्रांतीने खपवून घेतलेले १,५७२ बदल एकेक करून मांडले.

त्यातून निघालेला नियम साधा आहे. खऱ्या नातेवाइकांमध्ये एखादी जोडी किती वेळा समोरासमोर येते, त्याला निव्वळ योगायोगाने ती किती वेळा आली असती याने भागायचं. उत्तर एकाहून जास्त तर गुण अधिक, कमी तर गुण उणे. पुढे भागाकारांचे गुणाकार करत बसावं लागू नये म्हणून त्यांचे लॉगॅरिथम घ्यायचे, म्हणजे नुसती बेरीज पुरते. योगायोग असा छेदात आला, आणि गुणमेलनाचं संख्याशास्त्र झालं.

आज सर्वाधिक वापरलं जाणारं कोष्टक १९९२ सालचं, सिअॅटलच्या स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ या दांपत्याचं. त्याचं नाव ब्लोसम ६२. त्यात ट्रिप्टोफॅनसमोर ट्रिप्टोफॅन आलं तर ११ गुण, ल्युसिनसमोर ल्युसिन आलं तर ४, ल्युसिनसमोर आयसोल्युसिनला २, ट्रिप्टोफॅनसमोर ग्लायसिनला उणे २. दोन्हीकडे अक्षर सारखंच असताना एकाला ११ आणि दुसऱ्याला ४ का? ट्रिप्टोफॅन दुर्मिळ आहे आणि आपली जागा सहसा सोडत नाही. खऱ्या नात्यांत ती जोडी योगायोगाच्या सुमारे चाळीसपट वेळा दिसते. ल्युसिन जिथेतिथे असतं, त्याची जोडी जेमतेम चौपट. गावातल्या दोन घरांचं आडनाव पाटील निघालं तर नातं सिद्ध होत नाही. हजारात एखादंच असं आडनाव दोन्हीकडे निघालं तर चौकशी करावी.

या कोष्टकाची एक गंमत आहे. २००८ साली काही संशोधकांच्या लक्षात आलं की ते तयार करणाऱ्या मूळ संगणक-आज्ञावलीत चूक होती. छापलेले आकडे हेनिकॉफ यांच्याच कृतीप्रमाणे यायला हवे होते तसे आलेले नाहीत. सोळा वर्षं अख्खं जग ते वापरत होतं. चूक दुरुस्त करून पाहिली, तर शोधाचे निकाल सुधारण्याऐवजी किंचित बिघडले. चुकलेलं कोष्टक अजूनही वापरात आहे.

*

डेहॉफ यांच्यापुढे आणखी एक अडचण होती, आणि इथे पुण्याचा संबंध येतो. आज दोन माळांमध्ये एका ठिकाणी एक फरक दिसतो. पण त्या ठिकाणी बदल एकदाच झाला असेल कशावरून? दोनदा झाला असेल, किंवा बदलून पुन्हा पहिलं अक्षर आलं असेल. दिसणारे फरक घडलेल्या बदलांपेक्षा नेहमी कमी भरतात. डेहॉफ यांच्या हिशेबाने १०० अक्षरांमागे ५० फरक दिसत असतील, तर प्रत्यक्षात सुमारे ८० बदल होऊन गेलेले असतात.

न दिसलेलं मोजण्याचा हाच पेच त्याआधी तीसेक वर्षं फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी हाताळला होता. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, धर्मानंदांचा मुलगा म्हणूनही ओळखतो. आनुवंशिकीचे अभ्यासक त्यांना एका सूत्रामुळे ओळखतात. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर मोजायचं, तर पुढच्या पिढीत ती जोडी किती वेळा तुटली हे मोजतात. पण मधे दोन ठिकाणी गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली तर जोडी पुन्हा जुळलेली दिसते आणि मोजणीतून निसटते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली यावर एक सूत्र दिलं होतं. त्यात एक अदलाबदल दुसरीला आडकाठी करत नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात ती करते. कोसंबींच्या १९४४च्या शोधनिबंधाने ही आडकाठी हिशेबात घेतली. शंभरात २० वेळा जोडी तुटलेली दिसली, तर हाल्डेन यांचं अंतर येतं २५.५, कोसंबींचं २१.२. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारी संगणक-साधनं आजही यातलं कोणतं सूत्र हवं असं विचारतात, आणि शोधनिबंधांत ‘कोसंबी’ हे नाव एका पर्यायाच्या रूपाने छापलं जातं.

याच कोसंबींनी १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. शेकडो हस्तलिखितं पाहायची, पाठभेद मांडायचे, कोणती पोथी कोणत्या घराण्यातली हे ठरवायचं. नकलाकाराच्या चुका पोथीतून पोथीत उतरतात. त्यांवरून वंशावळ काढता येते. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणाही अशीच चुका करते आणि त्या चुकाही वारशाने उतरतात. दोन्ही कामं एकाच माणसाने केली, याचं मला फारसं नवल वाटत नाही.

*

१९८३ साली या सगळ्या खटाटोपाचं चीज झालं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ रसेल डूलिटल हे प्रथिनांचे अभ्यासक नव्याने प्रसिद्ध झालेल्या माळा हाताने टंकून आपल्या संगणकात साठवत असत. जखम भरून येताना पेशींना वाढण्याचा आदेश देणाऱ्या एका प्रथिनाची थोडी अक्षरं त्या वर्षी छापून आली. डूलिटल यांनी ती टंकली आणि आपल्या साठ्याशी ताडून पाहिली. ती जुळली माकडांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी. त्याच सुमारास लंडनच्या एका गटालाही हेच आढळलं. कर्करोगाचं जनुक म्हणजे कुठलं परकं विष नव्हतं. पेशीला वाढ म्हणून सांगणारा घरचाच आदेश होता, तो फक्त अवेळी आणि अखंड सुटत होता. कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टी या ताडण्यातून बदलली.

तेव्हा संग्रह लहान होते. अमेरिकेतल्या जेनबँक संग्रहात १९८२च्या अखेरीस ६०६ नोंदी आणि ६,८०,३३८ अक्षरं होती. आज तिथली अक्षरं कित्येक लाख कोटींमध्ये मोजावी लागतात. एवढ्या गर्दीत कोणाशी तरी चांगले गुण जुळणं अटळ. मग किती गुणांना चांगलं म्हणायचं?

एक नाणं घेऊन २०० वेळा उडवा आणि छापा-काटा लिहून काढा. मग शेजाऱ्याला नाणं न उडवता मनानेच २०० छापे-काटे लिहायला सांगा. खरी यादी कोणती हे बहुधा लगेच ओळखता येतं. खऱ्या यादीत कुठेतरी सलग सहा छापे किंवा सहा काटे असण्याची शक्यता शंभरात नव्वदहून जास्त असते. मनाने लिहिणारा माणूस चारच्या पुढे बिचकतो, त्याला ते ‘योगायोगासारखं’ वाटत नाही. माळा ताडताना आपण नेमकी हीच सर्वांत लांब सलग जुळणी शोधतो. म्हणजे आपल्यापुढे येतात ते सरासरी गुण नव्हेत, लाखो प्रयत्नांतले सर्वोच्च गुण. आणि सर्वोच्चांचे नियम सरासरीच्या घंटाकृती आलेखापेक्षा वेगळे असतात.

हे नियम ज्यांच्या नावाने ओळखले जातात त्या एमिल गुंबेल यांनी पुरांवर काम केलं होतं. वर्षातला सर्वांत मोठा पूर केवढा येईल, हे ठरवताना धरणांचे अभियंते आजही गुंबेल पद्धत वापरतात. हा माणूस मोजण्याच्या बाबतीत निर्भय होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेले राजकीय खून त्यांनी मोजले आणि १९२२ साली छापले : उजव्यांनी केलेले ३५४, डाव्यांनी केलेले २२, आणि उजव्यांना झालेल्या शिक्षा नाममात्र. १९३२ साली हायडेलबर्ग विद्यापीठातली नोकरी गेली, पुढच्या वर्षी नागरिकत्व गेलं.

१९९० साली सॅम्युअल कार्लिन आणि स्टीफन आल्टशूल यांनी गुंबेल यांचे पुराचे नियम अक्षरमाळांना लावून दाखवले. त्याच वर्षी आल्टशूल आणि सहकाऱ्यांनी ब्लास्ट हे शोधसाधन दिलं. आज जगभर जीवशास्त्राचे विद्यार्थी ते वापरायला शिकतात. ब्लास्ट प्रत्येक जुळणीपुढे गुणांबरोबर आणखी एक आकडा छापतं, त्याला ई-मूल्य म्हणतात : एवढे किंवा याहून अधिक गुण मिळवणाऱ्या जुळण्या या संग्रहात निव्वळ नशिबाने किती सापडल्या असत्या? ई-मूल्य ५ असेल तर पाच; आपली जुळणी त्यांतलीच एक समजावी. ई-मूल्य ०.००००१ असेल, तर असे एक लाख शोध घेतल्यावर नशिबाने एखादी मिळेल. संग्रह दुप्पट झाला की ई-मूल्य दुप्पट होतं, म्हणजे तीच जुळणी निम्म्या वजनाची होते. दिल्लीच्या निबंधातले तुकडे इतके आखूड होते की पुरा संग्रह धरून हा आकडा काढला, तर योगायोगाला भरपूर जागा उरते.

हा आकडाही आंधळेपणाने घेऊ नये. काही माळांत एकच अक्षर किंवा अक्षरगट पुन्हा पुन्हा येतो. दोन वेगळ्या भजनांच्या शेवटी ‘विठ्ठल विठ्ठल’ असा गजर असेल, तर तेवढ्यावरून दोन्हींचा कर्ता एक ठरत नाही. म्हणून ब्लास्टमध्ये असे गजर झाकून मग गुण मोजण्याची सोय आहे.

*

उलट बाजूही आहे. कधी गुण कमी असतात आणि नातं खरं असतं. यंदा ऑगस्टमध्ये शेतात भुईमुगाचं एक रोप उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. नखाने एक फोडली, तर आत गुलाबी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच लोह धरणारं, प्राणवायू बाळगणारं प्रथिन, द्विदल पिकांच्या मुळांत. पण दोघांच्या माळा शेजारी ठेवल्या, तर पाचात एखादंच अक्षर जुळतं. इतकं साम्य परक्या प्रथिनांतही ओढूनताणून दाखवता येतं. या पट्ट्याला डूलिटल यांनी संधिप्रकाश म्हटलं : दिसतं, पण ओळख पटत नाही.

इथे दोघांना समोरासमोर बसवून भागत नाही, अख्खं घराणं बोलवावं लागतं. शेकडो ग्लोबिनं एकाखाली एक मांडली की कळतं की बाकीची अक्षरं बदलत राहतात, पण लोह धरून ठेवणारं एक हिस्टिडिन आपल्या जागेवरून हलत नाही. मग गुण जागा पाहून द्यायचे : त्या हिस्टिडिनला भरपूर, इतरांना बेताचे. १९९४ साली अँडर्स क्रोग, डेव्हिड हाउसलर आणि सहकाऱ्यांनी हे काम हिडन मार्कोव्ह मॉडेल या संख्याशास्त्रीय पद्धतीने करून दाखवलं, आणि त्यांच्या पहिल्या उदाहरणांत ग्लोबिनंच होती. ज्या आंद्रेई मार्कोव्ह यांचं नाव या पद्धतीला आहे, त्यांनी १९१३ साली पुश्किनच्या एका काव्यातली २०,००० अक्षरं हाताने मोजून स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं ते काढलं होतं. २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा ज्या आल्फाफोल्डमुळे मिळाला, तेही प्रथिनाचा आकार सांगण्याआधी असंच घराणं गोळा करतं.

आणि गुण म्हणजे महत्त्व नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. नंदुरबार आणि गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अक्षरं असतात; त्यातली १४५ निरोगी माणसासारखीच. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आहे, एवढाच फरक. ब्लास्टला विचारलं तर ते म्हणेल, जवळजवळ पूर्ण जुळणी. रुग्णाच्या आईला विचारलं तर ती वेगळं सांगेल. संख्याशास्त्र नातं सांगतं; दुखणं कुठे आहे ते शोधायला माणूसच लागतो.

येत्या वर्षांत ‘डीएनए जुळला’ हे वाक्य तुमच्या कानावर वरचेवर येणार आहे : बातम्यांत, कोर्टकचेऱ्यांत, पूर्वज शोधून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींत. प्रत्येक वेळी तीनच प्रश्न विचारा. किती लांबीची जुळणी? किती मोठ्या साठ्यात शोधली? आणि तेवढ्या साठ्यात अशा किती जुळण्या नशिबानेच मिळाल्या असत्या? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता आलं नाही, तर जुळलेले गुण छत्तीस असले तरी स्थळ पुढे नेऊ नका.